‘सुटले बिचारे’ या शब्दांचं काय करायचं?

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई नागपूरच्या, मानेवाडा भागात राहणाऱ्या. वय एकेचाळीस, शाळेत शिक्षिका. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली. पुढचे चौदा महिने ते घरीच अंथरुणावर होते. आई गुडघ्यांनी थकलेली. भाऊ पुण्याला, तो पैसे पाठवायचा आणि सुट्टी मिळाली की यायचा. बाकी सगळं ताईंवर. मे महिन्यात, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस सुरू असताना, वडील गेले. तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण तीच ती वाक्यं म्हणून राहिला आहे: ‘सुटले बिचारे’, ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’, ‘मुलासारखं केलंस हो तू’. तेरवीच्या दिवशी काटोलच्या आत्याबाई गळ्यात पडून म्हणाल्या, “सुटला गं माझा भाऊ. तू पण सुटली बाई.” ताईंचा तोल गेला. “चौदा महिन्यांत तुम्ही किती वेळा आल्या?” असं त्यांनी भरल्या घरात विचारलं. आत्याबाई न जेवता निघून गेल्या. आता त्या फोन उचलत नाहीत. भाऊ म्हणतो, माफी माग. ताई विचारतात, “खोटी वाक्यं बोलणाऱ्यांची माफी मी काऊन मागू? आणि ही वाक्यं अजून किती दिवस ऐकायची?” ताजा कलम असा, की कपाट आवरताना वडिलांचा शाळेतला एक ग्रुप फोटो सापडला. त्यातलं वडिलांशिवाय कोणीच घरात कोणाला ओळखू येत नाही.

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यातलं दीड पान म्हणजे नुसती यादी. लोकांनी म्हटलेली सतरा वाक्यं तुम्ही आकडे घालून लिहून काढली आहेत. पेपर तपासायची सवय दिसते. मी ती यादी दोनदा वाचली आणि प्रामाणिकपणे सांगते, त्यातली अकरा वाक्यं मी स्वतः कधी ना कधी कोणाच्या तरी घरी, चहाचा कप हातात धरून, म्हटलेली आहेत. याच सदरात एका बाईंना मी लिहिलं होतं, ‘थोडा वेळ जाऊ द्या.’ आठ महिन्यांनी त्यांचं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: ‘वेळ गेला. आता?’ ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तेव्हा मी तुमच्या बाजूची आहे असं समजू नका. आरोपींच्या रांगेतूनच बोलते आहे.

यादीतल्या काही वाक्यांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. ‘जो आवडतो सर्वांना, तोचि आवडे देवाला’ हे पेपरातल्या श्रद्धांजलीच्या चौकटीत रोज छापून येतं. मग नव्वदी ओलांडून ठणठणीत असलेल्यांनी स्वतःबद्दल काय समजायचं? ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ हे नेहमी घडून गेल्यावर म्हटलं जातं, आणि ज्याच्या बाबतीत घडलं तो सोडून बाकीचे म्हणतात. भावाबद्दल तक्रार केलीत तर शेजारच्या काकूंनी ‘कुठंही जा, पळसाला पानं तीनच’ म्हणून गप्प केलं. होळीच्या आधी आपल्याकडं कुठल्याही रस्त्यानं शहराबाहेर निघालं की पळस पेटलेला दिसतो, त्यामुळं हे झाड आपल्याला परकं नाही. गंमत अशी, की वनस्पतिशास्त्रवाले ते तीन पानं मानतच नाहीत. त्यांच्या हिशेबात ते एकच संयुक्त पान असतं, तीन पर्णिकांचं. झाडाबद्दलही जी म्हण पुरती धड नाही, ती तुमच्या भावाबद्दल काय सांगणार?

तुमच्या मामेबहिणीचं वाक्य जरा नव्या धर्तीचं आहे. ‘तू अजून रागाच्या स्टेजमध्ये आहेस.’ राग हा ज्यांतला एक, ते पाच टप्पे एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली मांडले, ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांवर ते नंतर चिकटवले गेले, आणि तेही शाळेच्या वेळापत्रकासारखे, एक तास संपला की दुसरा सुरू. मराठीत म्हण झाली नाही एवढंच, पण या ‘स्टेज’चं कामही म्हणीचंच.

म्हणी खोट्या आहेत हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. तरी त्यावर भांडू नये असं वाटतं, कारण त्या भांडणाला शेवट नाही. आपल्या भाषेनं दोन्ही बाजूंची सोय करून ठेवलेली आहे. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ हे तुकोबांचं आणि ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ हेही तुकोबांचंच. ‘अति घाई संकटात नेई’ म्हणणारा माणूस दुपारी ‘शुभस्य शीघ्रम्’ म्हणतो आणि त्याला काही वाटत नाही. म्हण खरी की खोटी हे तिच्या शब्दांत सापडत नाही. ती कोणी म्हटली, कोणाला म्हटली आणि म्हणून झाल्यावर तो माणूस बसला की उठला, यात ते सापडतं. तुमच्या यादीत मी प्रत्येक वाक्यापुढं हे भरून पाहिलं. बहुतेकांपुढं ‘उठला’ असंच येतं. वाक्य झालं, चप्पल घातली, निघाले. राग त्याचा आहे.

तरीही ती सतरा वाक्यं म्हणणाऱ्यांकडं एकदा दुसऱ्या बाजूनं बघा. मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ साली लिहून ठेवलं, की माणसं बरंचसं बोलतात ते काही सांगण्यासाठी नाही, नुसता धागा जुळता ठेवण्यासाठी. बर्डीच्या बाजारात ओळखीचं कोणी भेटलं आणि ‘काय म्हणता, बरं आहे ना?’ म्हणालं, तर आपण तब्येतीची फाइल काढून दाखवत नाही. मरणाच्या घरात येणाऱ्याची हीच पंचाईत असते. गप्प बसायची त्याला भीती वाटते आणि स्वतःचे शब्द त्याच्याजवळ नसतात. मग खिशात असेल ते नाणं तो पुढं करतो. ते गुळगुळीत झालेलं असतं, पण खोटं द्यावं म्हणून त्यानं दिलेलं नसतं.

आता ‘सुटले’. हे वाक्य यादीत पहिल्या क्रमांकावर आहे आणि त्याखाली तुम्ही दोनदा रेघ ओढली आहे. बाकी वाक्यांची तुम्हाला चीड आहे, याची जखम आहे. कारण पत्राच्या तिसऱ्या पानावर, बँकेच्या कागदपत्रांच्या तक्रारीत दडवल्यासारखं, तुम्ही असं लिहिलं आहे: ‘मोक्षधामहून आल्यावर त्या रात्री मी सलग सात तास झोपले. सकाळी उठले आणि मला माझीच किळस आली.’

चौदा महिने दर दोन तासांनी कड बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत. नळीतून पातळ भरवायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, सकाळी शाळेत जाण्याआधी कूलरमध्ये पाणी भरायचं, आणि रात्री त्या कूलरच्या घरघरीतूनही बाबांचा श्वास वेगळा ऐकू येतो का म्हणून कान लावून पडायचं. हे करणारं शरीर पहिल्या मोकळ्या रात्री झोपणारच. बाबा जावेत असं त्याला वाटत होतं म्हणून ते झोपलं नाही. ते थकलं होतं. सुटल्यासारखं वाटणं आणि दुःख होणं या दोन गोष्टी एकाच माणसात, एकाच रात्री, शेजारी शेजारी राहतात. लांबलचक आजारपण काढलेल्या कोणत्याही घरात हळू आवाजात विचारा, हेच सांगतील.

म्हणजे ‘सुटले’ हा शब्द खोटा नाही, ताई. जिथून तुम्ही परत आलात त्या घाटाचं नावच मोक्षधाम आहे, आणि मोक्ष म्हणजे सुटणंच. आपली भाषा मरणाला कितीतरी पिढ्यांपासून या शब्दानं हात लावत आली आहे. अडचण वेगळी आहे. हा शब्द उच्चारायचा पहिला हक्क तुमचा होता, कारण जागरणं तुमची होती. तुम्ही तो स्वतःशीसुद्धा उच्चारायच्या आधी वाड्यातल्या, गल्लीतल्या, ऑफिसातल्या लोकांनी तो येता-जाता म्हणून टाकला. जी गोष्ट तुम्ही अंधारात, लाजत पाहत होतात तिच्यावर त्यांनी भसकन ट्यूबलाइट लावली. मला वाटतं, तुम्ही एकदा तो शब्द स्वतः म्हणावा. आईजवळ म्हणा. ‘आई, बाबा गेले त्या रात्री मी झोपले गं.’ ती गप्प आहे असं तुम्ही लिहिता. कदाचित तीही झोपली असेल.

आणि आत्याबाई. इथं मला तुम्हाला थोडं अडवायचं आहे.

तुम्ही लिहिता, ‘आत्यानं पण तेच वाक्य म्हटलं.’ पण तुम्हीच लिहून पाठवलेले शब्द पुन्हा वाचा. ‘सुटला गं माझा भाऊ. तू पण सुटली बाई.’ ही दोन वाक्यं आहेत. दुसरं वाक्य तुमच्याबद्दल आहे, ते त्यांनी म्हणायला नको होतं, ते तुम्हाला लागलं ते बरोबर. पहिलं मात्र तुमच्याबद्दल नाहीच. त्यात ‘माझा भाऊ’ आहे. त्या दिवशी तुमच्या घरात आलेल्यांमध्ये बाबांना अर्ध्या चड्डीत पाहिलेली ती एकटीच बाई असेल. तुम्ही त्या क्षणी लेक म्हणून उभ्या होतात आणि समोर बहीण उभी होती. तिला तुम्ही भेटायला आलेल्यांच्या रांगेत धरलंत.

‘मग ती आली काऊन नाही?’ विचारा, हा प्रश्न खरा आहे. काटोल काही काळ्या पाण्यावर नाही, तास-दीड तासाचा रस्ता आहे. पण पत्रात आत्याबाईंचं वय बहात्तर लिहिलं आहे, आणि त्यांच्या मुलाकडं बाहेर निघायचं म्हणजे सुनेची परवानगी लागते, हेही तुम्हीच कंसात लिहिलं आहे. कंसातल्या मजकुराकडं मी नेहमी आधी बघते. शिवाय काही माणसं येत नाहीत ती बघवत नाही म्हणून. बोलका, खडखडीत भाऊ जिभेवाचून पडलेला पाहायचा, हे सगळ्यांना जमत नाही. हे समर्थन नाही. तुम्हालाही बघवत नव्हतंच, पण तुम्हाला निवड नव्हती, आणि हा अन्याय राहणारच.

माफीबद्दल तुमचा भाऊ सांगतो ते मला अर्धवट वाटतं. ‘मोठी आहे, माग माफी, विषय संपव’ यात विषय संपवण्याची घाई त्याची आहे. उलट ‘मी का मागू’ म्हणून बसलात तर तुमचा मुद्दा शाबूत राहील आणि आत्या जाईल. बाबांच्या बालपणाची शेवटची साक्षीदार त्या मुद्द्याच्या किमतीत गमवायची का, याचा हिशेब तुम्ही करा. माझ्या मते प्रश्नाची माफी मागू नका, जागेची मागा. ‘आत्या, मी तेरवीच्या पानावरून तुम्हाला उपाशी उठवलं, ते माझं चुकलं. पण मला एकटं पडल्यासारखं वाटलं होतं, तेही खरं आहे.’ दोन्ही वाक्यं म्हणा. दुसरं गिळलंत तर ते पुढच्या कुठल्या तरी लग्नात बाहेर पडेल.

‘मुलासारखं केलंस’ हे वाक्य तुम्ही सातव्या क्रमांकावर टाकलंत, मी वर घेतलं असतं. कौतुक म्हणून दिलेली ही थप्पड आहे. यात तुम्ही केलेलं सगळं तुमच्या नावावरून काढून एका न जन्मलेल्या मुलाच्या नावावर जमा होतं, आणि जो मुलगा खरोखर आहे त्यालाही जाता जाता टोला बसतो. कायद्यानं हा ‘सारखं’ केव्हाच काढून टाकला. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला, आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्या अपत्यांत मुलगा, मुलगी, नातू, नात अशी सरळ नावं आहेत. जीभ मात्र जुन्याच रुळावरून धावते. या वाक्याला उत्तर अगदी लहान ठेवा. हसून, आवाज न चढवता: “मुलीसारखंच केलं जी.” बहुतेक लोक एक क्षण थबकतील. तेवढं पुरे.

बाकी सोळा वाक्यांना उत्तर द्यायची गरज नाही. लांबच्या माणसाला नुसतं ‘हं’ पुरतं. जवळच्याला, ज्याचं तुम्हाला काही वाटतं त्याला, सांगा, ‘मला अजून तसं वाटत नाही.’ वाद नाही, टोमणा नाही, आपल्या मनाची बातमी फक्त. तो खरंच जवळचा असेल तर विचारेल, ‘मग कसं वाटतं?’ नाही विचारलं, तर तो ‘हं’वाल्यांत गेला. आणि फारच साचलं तर आपल्या नागपुरात खास सोय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे, निघतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, त्या वर्षी ज्यानं ज्यानं छळलं त्याचे. आणि सगळा महाल-इतवारी ओरडतो, ‘घेऊन जा गे मारबत!’ तुमच्या त्या दीड पानाची घडी घालून गर्दीत उभ्या राहा आणि एकदा पोटभर ओरडा. तिथं कोणी वळूनही पाहणार नाही.

आता हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी, म्हणजे माझ्यासारख्या अकरा वाक्यंवाल्यांसाठी. ताईंच्या यादीत बारावं वाक्य आहे, ‘काही लागलं तर सांग.’ सगळ्यात निरुपद्रवी वाटतं ना? त्यापुढं ताईंनी लिहिलंय, ‘४३ जण म्हणाले. मी मोजले.’ यात मागायचं काम आपण थकलेल्या माणसावरच टाकतो. त्यानं आधी ठरवायचं काय लागतं, मग कोणाला मागावं, मग लाज गिळून फोन करायचा. ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ असं तुकोबा म्हणाले, त्याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. कढी खरीच आणा. ‘मी बुधवारी तीन ते सहा बाबांजवळ बसतो, तू झोप’ असं वार-वेळेसह म्हणा. ताईंच्या पत्रात एकच माणूस असा आहे. समोरचे इस्त्रीवाले दादा दर रविवारी बाबांची दाढी करून द्यायचे. ते काय बोलायचे हे पत्रात कुठंच नाही. त्यांचं एकही वाक्य यादीत आलेलं नाही. आणि जिथं काही करता येत नाही तिथं गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. ‘भाऊसाहेब पोह्यांवर तर्री दोनदा मागायचे’ हे ऐकून कोणी चिडल्याचं मला माहीत नाही.

वेळेबद्दल त्या कार्डवाल्या बाईंनी मला शहाणं केलं, तेवढं सांगते. वेळ नुसता गेल्यानं काही होत नाही, त्या वेळात काय होतं यावर आहे. झोप, भूक, शाळेतलं काम हळूहळू जागेवर येत असेल तर येऊ द्या, घाई नको. पण सहा महिने उलटूनही दुःख पहिल्या दिवसाइतकंच धारदार असेल, दिवस रेटता येत नसेल, तर तो तुमचा कमकुवतपणा समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि जगणं नकोसं वाटलं तर सहा महिने मोजत बसू नका, त्याच रात्री फोन लावा.

राखी पुढच्या महिन्यात आहे. आत्याबाईंची ही पहिली राखी, जी पाठवायला पत्ता नाही. फोन त्या उचलणार नाहीत, तेव्हा फोन करूच नका. सकाळच्या एसटीनं काटोलला जा, आईला झेपत असेल तर तिलाही न्या. भाऊ येणार असेल तर तोही येऊ दे. माफीचं आधी उरकून घ्या, जेवणाच्या आधी, म्हणजे या वेळी त्या जेवतील. आणि पर्समध्ये तो शाळेतला फोटो ठेवा. मागच्या रांगेत, डावीकडून तिसरा, कान पुढं आलेला मुलगा कोण, हे तुम्ही विचारलंय. ते मला नाही, त्यांना विचारा.